मिरजेची गाडी

९ सप्टेंबर, मंगळवार

काल दुपारी दादांना आयसीयूत हलवलं. मी बाहेरच्या खुर्चीवर असतो. जपाला बसलं की मन काचेच्या दाराकडं जातं आणि बोटं मण्यावर तशीच थांबतात. लिहिताना निदान हात चालत राहतो, म्हणून हे.

दादा म्हणजे हिंदुराव, माझे थोरले भाऊ; मी अधिक, धाकटा. गावातल्या शाळेत माझी दहावी झाली तेव्हा त्यांनीच मला खानापूर तालुक्यातून इथं चेन्नईला आणलं, सावकारपेठेत, आपल्या गलाईच्या दुकानात. जुने दागिने भट्टीत वितळवायचे, मग तेजाबात टाकून चोख सोनं वेगळं करायचं. तेजाबाचा तांबूस धूर आम्ही दोघांनीही ओढला. दादांनी जास्त वर्षं ओढला. डॉक्टर म्हणतात, त्यांची फुफ्फुसं आता उन्हात पडलेल्या चामड्यासारखी घट्ट झालीत. औषधानं थोडे दिवस जातील, पण सुधारणा नाही.

दादांना मूलबाळ नाही. शालन वहिनी गावी शेती बघतात, माझी बायको आणि मुलगाही तिकडंच. इथं दुकानावरच्या खोलीत आम्ही दोघं भाऊ.

वहिनींना फोन केला. त्या बराच वेळ रडल्या, मग म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाला सिद्धनाथाची आण हाय. त्यांच्या कानावर ह्यातलं काय घालू नका. माणूस ऐकूनच मरतं."

संध्याकाळी पाच वाजता आत सोडलं. दादांच्या तोंडावर घट्ट मास्क, त्यातून हवेचा फुसफुस आवाज. मी म्हटलं, "कफ साचलाय म्हणे. दोन दिसांत वार्डात नेतील."

"बरं," दादा म्हणाले.

शेजारी एक सिस्टर सलाईन बदलत होत्या. विजयालक्ष्मी असं नाव छातीवर होतं. त्यांना मराठी येत नाही, तरी त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मग दादांकडं. मला ते आवडलं नाही.

 

१० सप्टेंबर, बुधवार

आज सिस्टरांनी मला दाराशीच गाठलं. तमिळमध्ये बोलल्या, इतक्या वर्षांत मला ती चांगली येते.

"अण्णा, तुमच्या भावाला त्यांच्या दुखण्याबद्दल काय माहीत आहे?"

"काहीच नाही."

"त्यांना विचारलंत?"

"विचारायचं काय? कुणी सांगितलंच नाही तर माहीत कसं असेल?"

त्यांनी मला दारापासून बाजूला घेतलं. मग सावकाश म्हणाल्या, "आत्ता त्यांना मास्कमधून बोलता येतंय. पुढं मास्क पुरणार नाही. तेव्हा घशात नळी घालून मशीनवर ठेवायचं की नाही, हे ठरवावं लागेल. नळी घातली की बोलणं बंद. आणि अशा फुफ्फुसांत ती परत काढता येईल असं बहुतेक होत नाही. त्यांना काय हवंय ते त्यांनीच सांगितलं तर बरं. बोलता येतंय तोवर."

"म्हणजे मी जाऊन विचारू, दादा, तुम्हाला कसं मरायचंय?"

"असं कुणीच विचारत नाही, अण्णा. मी बरोबर असेन."

मला राग आला. हिला काय, हिच्यासाठी हा एक खाटेचा नंबर. दवाखान्यातून निघून वेलचेरीला लोकल गाडीत बसलो तरी डोक्यात तेच. पार्क टाउनला उतरेपर्यंत राग उतरला आणि खाली नुसती भीती उरली. दादांच्या तोंडाकडं बघायची भीती. लहानपणी मी शाळा बुडवली की त्यांना माझ्या चालण्यावरनं कळायचं.

नाथबाबा, त्यांना काही कळू देऊ नकोस.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज आमच्या वडिलांचा, आबांचा म्हाळ. पितृपक्षातलं हे काम दरसाल दादा करतात. या वर्षी मी केलं. गच्चीवर पान ठेवलं, कावळा लगेच आला.

दादांना सांगितलं तेव्हा त्यांनी एकेक शब्द करत विचारलं, "आमटीत... मीठ... होतं का?"

"होतं की."

"मग... तू केली नसशील." आणि थोड्या वेळानं, "पुढच्या साली... एक पान जास्त मांड."

"मांडू की! सगळ्या गलाईवाल्यांना जेवायला बोलावू."

दादा इतके हसले की खोकल्याची उबळ आली आणि मशीन ओरडायला लागलं. विजयालक्ष्मी सिस्टर धावत आल्या, त्यांना उठवून बसवलं, पाठीवर हात ठेवून त्यांच्याबरोबर श्वास मोजल्यासारखं करत राहिल्या. नंतर मला विचारलं, काय झालं? मी मोठ्या आनंदानं सांगितलं, भाऊ पुढच्या वर्षीच्या पंगतीचा बेत करतोय. कसली पंगत, तेही सांगितलं.

त्या हसल्या नाहीत. या बाईला आशेचं वावडं दिसतं.

मला आज फार दिवसांनी झोप लागेल.

१४ सप्टेंबर, रविवार

डॉक्टरांनी सकाळी सांगितलं, मास्कचा जोर वाढवावा लागला. दोन-तीन दिवसांत काय ते ठरवा.

दुपारी महेश आला. हा आमच्यातल्या वारलेल्या सर्जेरावांचा मुलगा, आमच्या गलाईवाल्यांच्या मंडळाचं सगळं धावपळीचं काम हाच करतो. म्हणाला, "काका, आता वेळ घालवू नका. अँब्युलन्स सांगतो, आतमध्ये ऑक्सिजन, सगळी सोय. उद्या निघाला तर परवा गावात."

आमच्या लोकांत हे असंच आहे. दिल्ली असो, मदुरै असो, गलाईवाला परमुलखात खाटेला खिळला आणि डॉक्टरांनी हात टेकले की त्याला गाडीत घालून गावी न्यायचं. शेवटचा श्वास आपल्या शिवेत पडावा. आणि त्या माणसाला सांगायचं की मिरजेला मोठ्या दवाखान्यात दाखवायला नेतोय. मिरजेचे दवाखाने आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक, त्यामुळं कुणी शंका घेत नाही. सर्जेरावांना असंच नेलं. त्याआधी दोघा-तिघांना. मंडळाचे जुने माणूस म्हणून हे सगळं दादाच उभं करायचे.

मी महेशला म्हटलं, "वाटेत काही झालं तर?"

"काही होत नाही. माझा बाप शीव बघून गेला. दादाच होते बरोबर, विचारा त्यांना."

पाच वाजता आत गेलो.  म्हटलं, "दादा, इथल्यांना काय जमंना झालंय. तुमाला मिरजेला दाखवू म्हणतोय."

दादा माझ्याकडं बघत राहिले.  मग म्हणाले, "मिरजेला?"

"व्हय. तिथं लगेच बरं करतील."

"गाडी... महेशनं सांगितली?"

"व्हय."

"बरोबर... कोण बसणार?"

"मी हाय की."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. पण हात हलवून त्यांनी सिस्टरांना बोलावलं आणि मला बाहेर जायची खूण केली. दाराच्या काचेतून दिसत होतं. सिस्टरांनी स्टूल ओढलं, त्यांच्या तोंडाशी कान नेला. दादा बोलत होते, त्या मान हलवत होत्या. मग त्याही काहीतरी बोलल्या, थांबून थांबून. दादांना तमिळ माझ्यापेक्षा चांगली येते.

प्रवासात काय औषधं लागतील ते विचारत असणार. त्यांना आधीपासून सगळ्याची तयारी लागते.

त्यांनी मान्य केलं म्हणून बरं वाटायला हवं होतं. वाटत नाही. 

१५ सप्टेंबर, सोमवार

सकाळी दादा एवढंच म्हणाले, "मिरज नको. महेशला... नको म्हणून सांग."

"का? हितं बरं वाटतंय?"

"व्हय. बरं वाटतंय."

मी बाहेर येऊन वहिनींना कळवलं की त्यांना उतार पडल्यासारखा वाटतोय. फोन ठेवतोय तोच सिस्टर आल्या आणि मला औषधांच्या कपाटाशेजारच्या लहान खोलीत घेऊन गेल्या. पाण्याचा पेला पुढं ठेवला. स्वतः बसल्या, मलाही बसवलं.

"काल तुमच्या भावानं, अय्यांनी, मला विचारलं, मी वाचणार नाही ना."

मी उठलो, त्यांनी हातानं परत बसवलं.

"मी आधी त्यांना विचारलं, किती ऐकायचंय? काही लोक म्हणतात सगळं सांगा. काही म्हणतात, मला नको, मुलाला सांगा. काही अर्ध्यातच थांबवतात. ज्याला जेवढं हवं तेवढंच मी देते. अय्या म्हणाले, सगळं. मग तुम्ही गेल्यावर डॉक्टरांना बोलावलं, आम्ही दोघांनी सांगितलं."

"तुम्ही कोण सांगणाऱ्या?" मी ओरडलो. "आम्ही त्यांना जपत होतो! वहिनींनी मला शपथ घातली होती!"

त्या रागावल्या नाहीत. हातही जोडले नाहीत. माझा आवाज संपेपर्यंत बसून राहिल्या.

"अण्णा, मिरज हे नाव ऐकलं तेव्हा त्यांना कळलं, असं ते म्हणाले. त्या गावाला पाठवायच्या गाड्या तेच ठरवायचे म्हणे. मला ते गाव माहीत नाही. पण खरं सांगू, त्यांना त्याआधीच माहीत होतं. आले त्या रात्रीच त्यांनी मला विचारलं होतं, बाहेर माझा धाकटा भाऊ आहे, तो जेवला का बघाल?"

मी पुढचा पेला नुसता फिरवत राहिलो.

"आणि काल शेवटी काय म्हणाले सांगू? म्हणाले, अधिकला हे अजून कळलेलं नाही. तो भित्रा आहे. त्याला सावकाश सांगा."

मी पेल्यातलं पाणी एका दमात संपवलं. त्यांनी पेला पुन्हा भरून दिला. मग विचारलं, "तुम्हाला सगळ्यात जास्त कशाची भीती वाटते?"

 मला असं कधी कुणी विचारलेलंच नव्हतं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज आम्ही तिघं बसलो. सिस्टरांनी भेटीच्या वेळेआधीच मला आत घेतलं, पडदा ओढला. मला वाटलं होतं त्या बोलतील. त्या बोलल्याच नाहीत. दादांचा मास्क थोडा सैल करून त्यांच्या ओठांना ओला कापूस लावला आणि बाजूला बसल्या.

मला बोलावंच लागलं. म्हटलं, "दादा, मी खोटं बोललो."

"ठावं हाय. तुला... येत न्हाई... खोटं."

मग ते सर्जेरावांचं बोलले. अर्धा-अर्धा शब्द करत, मध्ये मध्ये थांबत. त्यांना गाडीतून नेलं तेव्हा दादा बरोबर होते. तुमकूर ओलांडलं आणि सर्जेराव गेले. पुढं सगळा रस्ता होता. ड्रायव्हरला कळलं असतं तर त्यानं गाडी थांबवली असती, परमुलखात पोलीस, कागद, मुडदा अडकून पडला असता. म्हणून दादा त्यांच्याशी बोलत राहिले. सर्जेराव, हुबळी आली बघ. सर्जेराव, पाणी पितोस का. त्यांचा हात हातात घेऊन, तो गार होत असताना. आमच्या तालुक्याचं विटा येईपर्यंत. आणि गावात उतरून महेशला सांगितलं, शीव बघून गेला.

"ते... तुझ्या वाट्याला... नको," दादा म्हणाले. "म्हणून... मिरज नको."

मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. 

सिस्टरांनी मग हळूच तमिळमध्ये विचारलं, "अय्या, नळीचं?"

"नको. बोलता... यायला हवं. भीती... वाटली तर... सांगता यावी."

"भीती वाटते?"

दादांनी माझ्याकडं बघितलं. आयुष्यात मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं. म्हणाले, "लई भ्या वाटतंया, अधिक. श्वास कोंडायचं."

मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "मलापण, दादा."

सिस्टरांनी सांगितलं, श्वास कोंडायला लागला की त्यासाठी औषध आहे, ते आधीपासून सुरू करता येतं, झोप येईल पण घुसमट कमी वाटेल. मी पुन्हा विचारलं, नक्की? त्या म्हणाल्या, "घुसमट अजिबात होणार नाही असं मी कधी सांगत नाही. पण मी आणि रात्रीच्या सिस्टर, आम्ही बघत राहू. एकटं सोडणार नाही."

डॉक्टर आले, दादांनी स्वतःच मान हलवून नळी नको म्हटलं.

मी नाथाची आण मोडली. काय होईल ते होवो. अंगारा आणला होता, सिस्टरांनी मास्कजवळ नको म्हटलं, मनगटावर लावू दिला.

१८ सप्टेंबर, गुरुवार

वहिनी आल्या. त्यांच्या भावानं पुण्याहून विमानात बसवून आणलं. जन्मात पहिल्यांदा.

मी दाराबाहेर त्यांना काहीच सांगितलं नाही. धैर्य झालं नाही. आत शिरल्या तशा त्यांनी पदर सावरला, चेहरा हसरा केला. "बरं दिसताय की! उगंच घोर लावला भाऊजींनी."

"व्हय," दादा म्हणाले. "दोन दिसांत... वार्डात."

माझेच शब्द! मी दादांकडं बघितलं, त्यांनी डोळ्यांनी मला गप्प राहायला सांगितलं. वहिनी भुईमुगाचं सांगत होत्या, दादा मान हलवत होते. दोघंही इतकं नीट खोटं बोलत होती की मला तिथं उभं राहवेना.

सिस्टरांना शब्द कळत नव्हते. तरी त्या माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, मला त्यांची भाषा येत नाही. हे आता तुम्हालाच करावं लागेल. त्यांना काय समजलंय, एवढंच विचारा."

नाथाचं नाव घेतलं. वहिनींसमोर खाली बसलो. "वहिनी, दादांच्या दुखण्याचं तुमाला काय समजलंय?"

दादांनी डोळे मिटले.

"काय समजायचंय?" वहिनी म्हणाल्या. "इमानाचं तिकीट काढलं तवाच समजलं. बाईमाणसाला इमानात बसवून कोण बारशाला बोलावतंय व्हय?"

दादा हसायला लागले. मास्कमध्ये हसणं म्हणजे काय ते डोळ्यांतच दिसतं. आणि मग वहिनी रडल्या, मोठ्यानं, त्यांच्या छातीवर हात ठेवून. नंतर डोळे पुसले आणि विचारलं, "माती कुठं करायची?"

"हितंच," दादा म्हणाले. "गाडीत... घालू नका."

"हितं? ह्या मुलखात? मळ्यात आबांच्या शेजारी जागा सोडलीया, ती कशाला?"

"राख... ने."

"राख! सारा जन्म हितं काढला, मला सणासुदीला चार दिस तोंड दावलं, आन आता म्हणता राख ने!"

"शालन... ऐक..."

"न्हाई ऐकायची. लई ऐकलं."

सिस्टर काळजीनं माझ्याजवळ आल्या. "काय म्हणतायत?"

"भांडतायत," मी म्हटलं. मला लाज वाटली.

त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा हसू पाहिलं. "नल्लदु," म्हणाल्या. चांगलं झालं. पडदा ओढून घेतला. "भांडू देत. वेळ संपली म्हणून आज मी येणार नाही."

२३ सप्टेंबर, मंगळवार

शनिवारी दुपारी दादा गेले. औषध चालू होतं. श्वास कोंडला नाही, लांब-लांब होत गेला. एकदा मध्येच त्यांनी डोळे उघडून सगळीकडं बघितलं, त्या बघण्यात भीती होती, ती मी पाहिली, ती नव्हती असं लिहिणार नाही. वहिनींनी "मी हाय" म्हटलं. सिस्टरांची ड्युटी संपली होती, तांबरमची बस सोडून त्या थांबल्या होत्या.

भांडणात कोण जिंकलं ते आम्हाला नीट कळलंच नाही. अग्नी इथं दिला. राख वहिनी गावाला घेऊन निघाल्या, रेल्वेनं. विमानात न्हाई, म्हणाल्या, लवकर पोचतंय.

आज महेश खोलीवर आला.  मग म्हणाला, "काका, राग मानू नका, पण तुम्ही त्यांना न्यायला पाहिजे होतं. परमुलखात गेले. माझ्या बापाचं बघा, शीव बघून गेला. मला त्याचंच समाधान."

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पुन्हा गिळलं. दादांनी इतकी वर्षं जे सांभाळलं ते मी एका वाक्यात मोडू? आणि न मोडता ह्याच्यासमोर मान हलवू, उद्या हा आणखी कुणाला मिरजेला नेईल तेव्हाही?  मी त्याला चहा दिला, स्वतः समोर बसलो.

"महेश," मी म्हटलं, "त्या गाडीतलं दादा मला बोलले. तुला किती ऐकायचंय?"

तो माझ्याकडं बघत राहिला. चेहरा हळूहळू उतरत गेला. काहीतरी त्याला आधीपासून ठाऊक असावं, किंवा तेव्हाच कळलं, मला सांगता येणार नाही. चहा हातात तसाच.

"सगळं नको," तो म्हणाला. मग कप खाली ठेवून, "एकटा होता का, तेवढं सांगा."

"नाही," मी म्हटलं. "दादांनी हात सोडला नाही. सगळा रस्ता त्याच्याशी बोलत होते."